उंबऱ्याशेजारचे खिळे

या वर्षी मी वर्गात उभी राहून पंधरा मिनिटं बोलले. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, पण आठवीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा पुटपुटायचे. विज्ञानाच्या तासाला विषय ज्याचा त्यानं निवडायचा होता. मी निवडला, पडक्या घराच्या जागी मेटल डिटेक्टरला कोणती कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची गोल तबकडी, लावावी. पोरं आधी हसली. मग मी पुठ्ठ्यावर मूठभर गंजके खिळे ओतले, मधोमध एक पितळी बटण ठेवलं आणि ताटाएवढी मोठी कॉइल वरून फिरवली. मशीन नुसतं गुरगुरलं, लोखंडाला गुरगुरतं तसं. बटणाचा पत्ताच नाही. मग बशीएवढी लहान कॉइल लावली, तेच केलं, पण सावकाश. खिळ्यांच्या गर्दीतून एक बारीक, स्वच्छ चिवचिव आली. मागच्या बाकावरचा कोडी डेसो चार वर्षं माझं नाव विसरत आला होता. तो म्हणाला, "मार्नी, परत कर ना एकदा."

त्या दिवशी बसमधून घरी येताना मला वाटलं, आता मला सगळं जमतं. पेपेरचं घुंगरूसुद्धा मीच शोधणार.

पेपेर म्हणजे माझ्या आईचे वडील, ओविला बुशी. आमच्या उत्तर व्हरमाँटमध्ये ज्यांचे आजे-पणजे क्यूबेकहून आले त्या सगळ्यांच्या घरी आजोबांना पेपेरच म्हणतात. गेल्या वसंतापर्यंत ते दर शनिवारी मशीन खांद्यावर टाकून टेकडीवर जायचे, त्यांच्या लहानपणीच्या घराच्या जागी. घर आता नाही. दगडी तळघराचा खड्डा आहे, त्यात उगवलेली बर्चची झाडं आहेत, आणि मागच्या बाजूला जिथं स्वयंपाकघर होतं तिथं सपाट जमीन. मागच्या दाराबाहेरचा ग्रॅनाइटचा पायरीचा दगड मात्र जागच्या जागी आहे. त्या दगडावर बसून पेपेर सँडविच खायचे आणि मला चौकोनी खिळा आणि गोल खिळा यांतला फरक शिकवायचे. जळलेल्या घराचं लाकूड जातं, खिळे राहतात. हजारो. पाऊल टाकाल तिथं.

घर जानेवारीत जळलं. पेपेर नऊ वर्षांचे होते, त्यांची बहीण झेलिया चार वर्षांची. ती सारखी कुठंतरी निघून जायची म्हणून तिच्या आईनं तिच्या बुटाला बर्फगाडीच्या घोड्याचं एक पितळी घुंगरू बांधलं होतं. त्या रात्री आई तान्ह्या बाळाला घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली आणि ओविलाला ओरडून सांगितलं, झेलियाला घेऊन मागच्या दारानं ये. धूर इतका, की त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता. त्यानं तिला चल म्हटलं, आणि ती मागून येतेय असं समजून चालू लागला. पेपेर ही गोष्ट नेहमी एकाच जागी थांबवायचे. चुलीपाशी घुंगराचा आवाज बंद झाला, म्हणायचे. ती मागे फिरली असणार, बाहुली घ्यायला. तो बाहेर आला आणि छप्पर कोसळलं. तिचा देह कुठं मिळाला ते मोठ्या माणसांनी त्याला कधीच सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

म्हणून ते घुंगरू हवं होतं. नुसती आठवण म्हणून नाही. ते चुलीजवळ सापडलं, तर ती खरंच मागे फिरली होती आणि नऊ वर्षांचा पोरगा काहीच करू शकला नसता. हे पेपेर कधी बोलले नाहीत, पण आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तीस वर्षं त्यांनी शोधलं, आणि तीसही वर्षं मोठ्या कॉइलनं. मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "खोल जायचं तर मोठी लागते. त्या बशीतून काय कॉफी प्यायची?"

या शरद ऋतूत त्यांची फुप्फुसं दमली. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, नाकात ऑक्सिजनची नळी आली. नर्सनं आईला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं, ते मी ऐकलं. त्याच संध्याकाळी पेपेर मला म्हणाले, "जमीन गोठायच्या आत एकदा जाऊन बघ गं." इतकंच.

लहान कॉइल मी डार्लीन ग्वायेटकडून आणली. डार्लीन आमच्या शाळेची बस चालवते, आणि तालुक्यात तिच्याइतकी जुनी नाणी कुणालाच सापडलेली नाहीत. तिच्या गॅरेजमध्ये भिंतीवर तवे टांगावेत तशा कॉइली टांगलेल्या असतात. लांबोळकी पण अरुंद अशी एक तिनं आधी काढून दिली, मग माझ्या तोंडाकडे बघून ती परत टांगली आणि सगळ्यांत लहान काढली. म्हणाली, हिच्यानं वीतभरच खोल ऐकू येईल, आणि एका खोलीएवढ्या जागेला तुला महिना लागेल, पण त्या जागी दुसरं काही लावणं म्हणजे वेळ फुकट. "तुझ्या म्हाताऱ्याला विचार," ती पुढं म्हणाली, "मोठ्या छत्रीखाली वीसजण एकदम बोलायला लागले, तर त्यातली पोर काय म्हणते ते ऐकू येतं का म्हणावं."

मी हे पेपेरना जसंच्या तसं सांगितलं. ते खोकेपर्यंत हसले. मी पलंगावर पुठ्ठा ठेवून खिळ्यांचा प्रयोग दाखवायला गेले, तर खालच्या स्प्रिंगांमुळे मशीन असं बोंबललं की आई धावत आली. मग पेपेर म्हणाले, "घे बाई तुझी बशी. पण एका दिशेनं फिरवलंस की त्याच जागी आडवी फीर. खिळ्याआडचं एका बाजूनं मुकं असतं, दुसऱ्या बाजूनं बोलतं." तीस वर्षांचं सगळं ज्ञान होतं त्यांच्याकडे. फक्त कॉइल चुकीची.

मी स्वयंपाकघराच्या जागेवर दोऱ्यांनी चौकोन पाडले. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, चुकून गोळी लागू नये म्हणून नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घालून तिथं गुडघ्यांवर बसायचं. एका चौकोनाला अर्धा तास. पहिल्या शनिवारी अंगुस्तान सापडलं. दुसऱ्या शनिवारी घोड्याच्या पट्ट्याचं बक्कल, चमच्याचा दांडा, आणि चुलीच्या जागी वितळलेल्या पितळेचा एक थेंब. तसा एक मोठा गोळा पेपेरच्या खिडकीत कित्येक वर्षं पडून आहे, चोखून टाकलेल्या गोळीसारखा. चुलीवरच्या फळीवर पितळी दिवा असायचा, तो तेवढा उरला. मी नेलेली प्रत्येक वस्तू पेपेर अंगठ्यानं चाचपायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. मी म्हणायचे, अजून सहा चौकोन आहेत. मग चार. मग एक.

चौथ्या शनिवारी एकही उरला नाही. सकाळी माती वरून कडक झाली होती, चाकू आधी टोचावा लागत होता. मी सगळी जागा दोन्ही दिशांनी धुंडाळली होती, आणि घुंगरू नव्हतं. पायरीच्या दगडावर बसून मी सँडविच उघडलं, आणि तेव्हा माझं लक्ष शेजारी गेलं.

खड्ड्यातून निघालेलं लोखंड परत खड्ड्यात टाकायचं नाही, हा आम्हा सगळ्यांचा पहिला नियम. नाहीतर पुढच्या वेळी तेच परत गुरगुरतं. बाकीचे ते पिशवीत भरून घरी नेतात आणि कचऱ्यात टाकतात. पेपेर नेत नसत. माझ्या आईच्या घराचे खिळे आहेत, म्हणायचे, इथंच राहतील. मग दगडावर बसल्या बसल्या ते पिशवी उपडी करायचे, आतल्या बाजूला, जिथं एके काळी उंबरा होता तिथं. तीस वर्षांचे शनिवार. ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत आला होता, गंजून एकमेकांना चिकटलेला, वर शेवाळ धरलेला. माझे दोरेसुद्धा मी त्याला वळसा घालून बांधले होते.

त्या ढिगावर मी लहान कॉइल धरली. काहीच उपयोग नव्हता, नुसतं गुरगुर. तिथं कुठलीच कॉइल चालली नसती.

घरी जाऊन पेपेरना विचारायला हवं होतं. पण मी आता वर्गासमोर पंधरा मिनिटं बोलणारी मुलगी होते. मी बादली आणली आणि ढीग उचलून लायलॅकच्या झुडपापलीकडे नेऊन ओतू लागले. अकरा खेपा झाल्या. हातमोजे फाटले, हात विटेसारखे लाल झाले. खालची माती काळी होती, तिच्यावर गवताची काडी नव्हती. उरलेसुरले खिळे बोटांनी वेचले. मग कॉइल, सावकाश. गुरगुर. मग आडवी फिरले.

चिव.

इतका स्वच्छ आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. हातभर नाही, चार बोटं खोल होतं ते. मोठ्या अक्रोडाएवढं, हिरवट झालेलं, एका अंगाला खिळ्याचा गंज चिकटलेला. खालची चीर मातीनं भरलेली. कुठंही वितळलेलं नाही.

मी नाचले. खरं सांगते, त्या दगडावर चढून नाचले आणि नारिंगी टोपी बर्चवर फेकली. मग फोटो काढायला म्हणून दगडावर मागे सरकले, आणि फोनमध्ये घुंगरू निघालं तो खड्डा आणि दगडाची कड एकाच चौकटीत दिसली.

खाली उतरून मी पावलं मोजली. चुलीपासून अकरा. दगडापासून दोन. चार वर्षांच्या पोरीची म्हणाल, तर चार.

टेकडी उतरताना मी ठरवलं, खोटं बोलायचं. मला छान बोलता येतं आता.

पेपेर जागे होते. आई औषधं आणायला गेली होती, नळीतून हवा सुं-सुं करत होती. मी त्यांच्या तळहातावर घुंगरू ठेवलं. त्यांनी मूठ मिटली, आणि बराच वेळ उघडलीच नाही.

"कुठं होतं?"

"चुलीपाशी. शेवटच्या चौकोनात. तुम्ही म्हणत होता तिथंच." मी बोलतच सुटले. बशीनं कसं काम केलं, दोन दिशांनी कशी फिरले, डार्लीनला कसं सांगणार आहे. आवाज अजिबात कापला नाही. शाळेत यासाठी मला पूर्ण गुण मिळाले असते.

त्यांनी घुंगरू खिडकीतल्या उजेडात धरलं. गोल फिरवलं. मग दुसरा हात लांब करून खिडकीतला तो पितळेचा गोळा उचलला, चुलीवरच्या दिव्याचा, आणि दोन्ही पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. एक गोळा होऊन वाहून गेलेला. एक अख्खं.

मी बोलायची थांबले.

"ढीग हलवलास," पेपेर म्हणाले.

मी मान डोलावली. रडू येतंय हे मला कळलं नाही, नाक गळायला लागलं तेव्हा कळलं. काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं, आणि मला माहीत असलेली एकच खरी गोष्ट माझ्या तोंडून निघाली.

"तुमची चूक नाही, पेपेर. इतक्या खिळ्यांखालचं कुठल्याच कॉइलला ऐकू आलं नसतं. माझ्या बशीलासुद्धा नाही."

"मला आलं होतं," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना श्वास पुरत नाही म्हणून वाक्य अर्धं राहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"दारापर्यंत वाजत होतं. मी उंबरा ओलांडला तेव्हासुद्धा. म्हणून तर मागं बघितलं नाही गं. वाटलं, आहे ना मागं." "चुलीपाशी थांबलं, असं मीच सांगत आलो. आईला पहिल्यांदा सांगितलं. मग तेच खरं होऊन बसलं."

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले. माझे हात लाल होते, चादरीला डाग पडले. तो ढीग त्यांनी नेमका तिथंच का घातला, हे मी विचारू शकले असते. आता मला काहीही विचारता येतं, कुणालाही. नाही विचारलं.

थोड्या वेळानं मी टेबलावरची काडी घेतली आणि म्हटलं, चिरेतली माती काढू का, आत गोटी अजून असेल, कदाचित वाजेलसुद्धा. सापडलेली वस्तू घासायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, पण नुसती माती काढायला हरकत नसते.

त्यांनी घुंगरू माझ्या हातातून काढून घेतलं आणि उशीखाली सरकवलं.

"राहू दे तशीच माती," ते म्हणाले.

सोमवारी बसमध्ये चढताना मी डार्लीनला कॉइल परत दिली. सापडलं का, असं तिनं आरशातून विचारलं. मी हो म्हणाले. कुठं, म्हणाली. सगळी बस ऐकत होती, कोडी डेसोसुद्धा मान वर करून. मी पुटपुटले काहीतरी, मलाही ऐकू न येण्यासारखं, आणि मागे जाऊन बसले.