ताटलीतला लाडोबा

मी एक जुना जिवाणू आहे. घाबरू नका मित्रांनो, आता माझ्यामुळे कुणाला साधा खोकलाही होत नाही.

माझे पूर्वज एका आजारी बाळाच्या फुप्फुसात वाढले. त्यांच्या अंगावर साखरेचा जाड, बुळबुळीत अंगरखा होता. तो कसा विणायचा, हे आमच्या जनुकांत लिहिलेले असते. शरीरातले पहारेकरी पकडायला आले, की आम्ही ओल्या साबणासारखे निसटायचो. बाळ वाचले. आम्ही त्याच्या रक्ताच्या थेंबातून प्रयोगशाळेत आलो.

काही भावंडे अतिथंड कपाटात निजवली गेली. आमच्या शाखेचा मुक्काम काचेच्या ताटलीत. जंतूंचा अंगरखा ओळखायचे एक औषध असते; तपासणीच्या ताई नव्या बाटलीतले औषध आधी आमच्यावर लावून बघत. औषध चांगले असले, की सूक्ष्मदर्शकाखाली आमचा अंगरखा टम्म फुगे.

"गुणाचा गं माझा लाडोबा!" ताई म्हणत.

खरे तर दर वेळी कपाटातले ताजे भावंड काढायचे असते. पण आम्ही हाताशी होतो, म्हणून त्या आम्हालाच एका ताटलीतून दुसरीत घालत. तिथे ना शत्रू, ना पळापळ. अंगरखा विणणे म्हणजे फुकटचा खर्च. एकदा कुणाच्या तरी जनुकात चूक झाली, अंगरखा गेला आणि त्या उघड्या पोरांनीच ताटली व्यापली. मी त्यांच्यातलाच.

अशात एका पाळणाघरातली दोन मुले तापाने फणफणली. ताईंची लेकही तिथेच जाई. आजारी मुलांच्या जंतूंचा अंगरखा कोणत्या प्रकारचा, हे कळल्यावरच बाकीच्या मुलांची लस ठरणार होती. ताईंनी औषध आधी माझ्यावर लावले. काहीच फुगले नाही.

"बाई, औषधच खराब निघालं! नवं येईपर्यंत माझ्या पोरीचं काय?"

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी ताटली उजेडात धरली. "औषधाच्या नावाने कशाला बोटं मोडतेस? बुळबुळीत दिसायचा तो बघ कसा खरखरीत वाढलाय. तुझा लाडोबा उघडा पडलाय!"

कपाटातले भावंड रात्रभर वाढवले. सकाळी त्याचा अंगरखा फुगला. मग त्याच औषधाने आजारी मुलांच्या जंतूंचाही. लस ठरली.

मी आता टाकून द्यायच्या पिशवीत आहे. पुढे जंतू मारणारी कढत वाफ. तक्रार नाही. मित्रांनो, ज्याच्यावर पारख करता, त्यालाही अधूनमधून पारखत जा. लाडाने डोळे झाकू नका.

ताईंनी पिशवीला घट्ट गाठ मारली, हात दोनदा धुतले आणि त्या लेकीला लस टोचून आणायला निघाल्या.