डोळे झाकून

सोपानने जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल केला आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. ते भिंगरीसारखं फिरलं. असं फिरायला नको होतं. या जुन्या जीपच्या डिफरन्शियलमध्ये, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, प्लेटा होत्या. एक चाक चिखलात घसरलं, तर त्याच प्लेटा दुसऱ्या चाकाला ओढायला लावतात. त्या शाबूत असल्या, तर उचललेलं चाक हाताला सहजी दाद देत नाही.

"प्लेटा गेल्यात, वहिनी. गाडी सोडून जा, परवा देतो."

रत्ना हलली नाही. जुन्नरच्या त्या गॅरेजात ती सकाळपासून तेलाच्या डब्यावर बसून होती.

"माझ्यासमोर खोला."

सोपानने पाना उचलला आणि परत खाली ठेवला. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटाच्या सांगण्यावरून त्यानेच तेलात भुसा घालून या गाडीची घरघर गप्प केली होती. आठवड्याने रत्नाचा नवरा संपत तीच गाडी त्याला दाखवायला आला; रत्नाही सोबत होती. "आवाज न्हाई, काय न्हाई. डोळे झाकून घ्या," सोपान म्हणाला होता. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

गेल्या श्रावणात वाडीच्या चढावर गाडीचं एक चाक चिखलात गरगरत राहिलं, दुसरं ढिम्म हललं नाही. मागे दगड लावायला संपत उतरला होता. गाडी त्याच्यावरच आली, तो जागीच गेला. स्टिअरिंगवर रत्ना होती. बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार, असं गाव वर्षभर बोलत होतं. सोपाननेही चहाच्या टपरीवर मान डोलावली होती. ते आठवून त्याला आता स्वतःचीच किळस आली.

त्याने बोल्ट सैल केला. ट्रेमध्ये काळं, दाट तेल खळीसारखं पडलं.

"चिखल शिरलाय आत," तो घाईने म्हणाला.

रत्नाने त्यातली चिमूट उचलली, बोटांत चोळली, उजेडात धरली.

"चिखल न्हाई, भाऊ. भुसा हाय, करवतीचा. माझा बाप सुतार व्हता."

कोणी घातला, असं तिने विचारलं असतं, तर त्याने एजंटाचं नाव सांगितलं असतं. तिने विचारलंच नाही. त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

दोन दिवस त्याने जीव ओतून काम केलं. आतला सगळा भाग डिझेलने धुतला, नव्या प्लेटा तेलात भिजवून एकेक बसवल्या, फट तीनदा मोजली. रत्ना रोज यायची, डब्यावर बसायची, तिथेच भाकरी खायची. शेवटी त्याने पुन्हा चाक उचललं. दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे ते बोटभर सरकलं.

"बघा, वहिनी. आता डोळे..." त्याने जीभ चावली.

"उद्यापासनं बाया न्यायच्यात टोमॅटो तोडायला," रत्ना म्हणाली. "आधी चढाला बघू. बसा."

आपटाळे गावाच्या पुढे डांबर सोडून तिने गाडी वाडीच्या रस्त्याला घातली. चढाच्या मध्यावर एक चाक चिखलात उतरलं, तिथेच तिने ब्रेक दाबला. संपत गेला ती हीच जागा; सोपानने ती पूर्वी पाहिली होती.

"उतरा, भाऊ. मागं दगड लावा."

"ब्रेक हाय की, वहिनी."

"त्या दिशी बी व्हता."

तिचे हात स्टिअरिंगवर अगदी स्थिर होते. सोपान उतरला. बांधावरचा एक दगड उचलून तो गाडीच्या मागे गेला आणि वाकला. चाक त्याच्या तोंडासमोर होतं. प्लेटा त्याने बसवलेल्या, फट त्याने मोजलेली. वर पहिला गिअर पडल्याचा आवाज आला.

"लावला का?"

"लावतोय."

"डोळे झाकून लावा," रत्ना म्हणाली, आणि तिने हळूहळू क्लच सोडायला सुरुवात केली.