तोकड्या दांड्याचं ओगराळं

मी एक जुनं ओगराळं आहे. ओगराळं म्हणजे खोल वाटीची, लांब दांड्याची पळी, मोठ्या भांड्यातून रस्सा वाढायला लागते ती. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. मला ते जमणार नाही. मी चिडलेलो आहे. माझा कापलेला दांडा पुन्हा जोडून झाला, सगळं सुरळीत झालं, तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. जाड पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा दट्ट्या आदळला आणि माझी वाटी झाली. मग तिला हातभर लांब दांडा ठोकून बसवला. तपासणाऱ्या बाईनं मला उलटसुलट करून पाहिलं, दांडा वाकवून पाहिला आणि म्हणाली, "हे काही मोडायचं नाही." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मोडायचं नाही हे खरं होतं. कापता येतं, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

मी आलो ते बस डेपोच्या फाटकासमोरच्या एका खानावळीत. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक तिथं जेवायला यायचे. हात धुतले तरी त्यांच्या नखांतलं ग्रीस जायचं नाही आणि बोलणं तर अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. खानावळ चालवायची एक बाई आणि तिचा दीर. बाईचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. बाई रांधायची. दीर वाढायचा आणि भांडी घासायचा. बाईची एकुलती एक मुलगी होती, उंच, सडपातळ. डेपोतले सगळे तिला शिडी म्हणायचे आणि तिला ते आवडायचं, कारण तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लाल गाडी, शिडी, पाण्याचा पाइप, याशिवाय त्या पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आता तिच्या जेवणाचं सांगतो. शेंगदाणा किंवा सोयाबीन तिच्या पोटात गेलं की घसा सुजायचा, श्वास अडकायचा. हे जन्मापासूनचं. शिवाय दूध, अंडं, मध, मांस, प्राण्याकडून आलेलं काहीच खायचं नाही, असं तिनं समजत्या वयात ठरवलं होतं. का ठरवलं, ते तिचं तिला ठाऊक. मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. पण खानावळीत जो येईल तो विचारायचा! भाकरीचा तुकडा तोंडात कोंबलेला माणूससुद्धा मान वर करून म्हणायचा, "मग ताकद कुठून येणार गं पोरी?" जशी काही ताकद तो स्वतः खिशात घेऊन फिरत होता.

उत्तर साधं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी ते समजावूनही दिलं होतं. अख्खे मसूर, राजमा, हरभरे, मटार, सोबत भात, वर भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. "दोन्ही वेळेला भरलेली दोन ओगराळी पोटात गेली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "पातळ पाणी नाही, दाणेदार. तुझं प्रोटीन त्यातच आहे." त्या दिवशी बाईनं माझ्या दांड्याला लाल तार गुंडाळली आणि मला वेगळ्या खिळ्याला टांगलं. मुलीसाठी उंच, अरुंद, घट्ट झाकणाचं पातेलं आणलं, म्हणजे शेजारच्या चुलीवरचं काही उडून त्यात पडायला नको. मी फक्त त्या पातेल्यात जायचं. मित्रांनो, मला तेव्हा फार मिरवावंसं वाटलं. एका माणसाची ताकद माझ्या वाटीनं मोजली जात होती.

काकाला मात्र हे सगळं थोतांड वाटायचं. तो वाईट माणूस नव्हता, हेही सांगून टाकतो. त्यानं पुतणीला खांद्यावर बसवून डेपोतल्या साऱ्या बस दाखवल्या होत्या. पण त्याची जीभ त्याच्या ताब्यात नसायची. "आमच्या वेळी नव्हत्या बाबा असल्या ॲलर्ज्या," असं म्हणत तो माझी लाल तार बोटानं टिचकवायचा. "नखरे नुसते! लग्न झाल्यावर सासरी पण ओगराळं घेऊन जाणार का ही?"

मग एके दुपारी दोन बस एकदम आल्या. खानावळ खचाखच भरली. मोठ्या पातेल्यात दाण्याच्या कुटाचा रस्सा उकळत होता आणि काकाच्या हातातला डाव सटकून जमिनीवर पडला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला खिळ्यावरून ओढलं आणि त्या रश्श्यात घातलं. मी अंगातला सगळा पत्रा एकवटून ओरडलो असतो, पण आम्हा वस्तूंना आवाज असतो तो फक्त आपटल्यावर. त्यानं मला नळाखाली धरल्यासारखं केलं आणि परत टांगलं. थोड्या वेळानं त्याच मला मुलीच्या पातेल्यात बुडवलं.

दुसऱ्याच घासाला तिनं गळा धरला. ओठ सुजले. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आईनं कपाटात यासाठीच ठेवलेलं इंजेक्शन काढून कपड्यावरूनच तिच्या मांडीत खुपसलं आणि एका ड्रायव्हरनं तिला उचलून डेपोच्या जीपमध्ये घातलं. ती वाचली. काका पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. "एकदाच तर ढवळलं होतं," एवढंच तो म्हणत राहिला. एकदाच! तुमच्या घशात कुणी एकदाच बूच मारलं तर चालेल का?

इथपर्यंतचा माझा राग सरळ होता. पुढचा सरळ नाही, म्हणून नीट ऐका.

मुलगी दवाखान्यातून घरी आली, त्या दिवशी काका लोखंड कापायची करवत घेऊन आला. त्यानं मला ओट्यावर दाबून धरलं आणि माझा दांडा वाटीपासून वीतभर ठेवून बाकीचा कापून टाकला. "आता हे मोठ्या पातेल्यात जाणारच नाही," तो म्हणाला. "माझा हातच भाजेल ना! म्हणजे चूक होणं नाही." बाई म्हणाली, "बरं केलंत भाऊजी." लाल तार उरलेल्या तुकड्यावर पुन्हा गुंडाळली. एवढंच नाही, तर काकानं मुलीचं वाढणं आणि तिचं पातेलं घासणं स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या कुणाला त्या पातेल्याजवळ फिरकू देईना. माणूस पार बदलला, असं डेपोभर झालं. सगळ्यांनी वाहवा केली.

आणि कुणाच्याही टाळक्यात आलं नाही, की मुलीचं पातेलंही उंच होतं!

मी तोकडा झालो होतो. जेमतेम वरच्या पाण्यात बुडायचो. अख्खा मसूर आणि राजमा वर तरंगत नाही हो, तो तळाशी बसतो. काका गरम वाफेत हात भाजू नये म्हणून चिमटीनं मला धरायचा, वरचं वरचं भरायचा, दोनदा वाढायचा आणि झाकण लावून टाकायचा. इतर कुठलाही चमचा त्या पातेल्यात घालायचा नाही, हा त्यानंच घातलेला नियम. दोन ओगराळी मोजून व्हायची. आत काय होतं? हळद, मीठ आणि पाणी. तळाशी सगळं दाणेदार जेवण तसंच राहायचं आणि संध्याकाळी काका ते खरवडून कचऱ्याच्या बादलीत टाकायचा. माझ्यादेखत! रोज!

आता गंमत बघा. गंमत कसली, डोकं फिरायची वेळ. मुलगी आईला म्हणायची, "आई, पातळ लागतंय. भूक राहते माझी." आई उखडायची, "मी मूठभर जास्तच घालते! माझ्या हाताला खोट काढू नकोस." काका वहिनीला हळूच सांगायचा, "तुमची लेक खातच नाही. तळाला सगळं तसंच असतं. उगाच रागावू नका, आजारातून उठलीय." आई मनात म्हणायची, पोरगी अन्न टाकते आणि वर मलाच बोलते. रांधणारीनं वाढताना पाहिलं नाही, वाढणाऱ्यानं विचारलं नाही आणि खाणारीनं भांडं उघडून पाहिलं नाही, कारण काकाला वाईट वाटेल. मी तेवढा सगळं पाहत होतो आणि ओट्यावर खण्णकन आपटत होतो. काका म्हणायचा, "हे फार निसटतं बुवा हातातून."

मुलीची गालफडं बसली. केस गळायला लागले. भरतीच्या आधी सरावाची चाचणी होती. माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढायचा. निम्म्या जिन्यात तिचे गुडघे गेले. प्रशिक्षकांनी सांगितलं, "खऱ्या चाचणीत असं झालं तर नाव कापलं जाईल. खाणं सुधार."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन बसली. आईनं तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला.

"पी," आई म्हणाली. "औषध समज आणि पी. तुझ्या या हट्टानं तू मरशील."

काका म्हणाला, "शिडे, ऐक जरा. पालापाचोळा खाऊन आगी विझत नसतात. आणि जे करून घालतो तेही तू टाकतेस."

मुलीनं पेल्याला हात लावला होता. मी पाहिलं. तिनं तो उचललाही होता. ते शेवटचं वाक्य ऐकून तिनं पेला खाली ठेवला.

"मी टाकते? मी काय टाकते?"

"तळाला रोज राहतं ते कोण टाकतं मग?"

"काका, मी ताट चाटून पुसून खाते! कुठाय तळ? दाखवा मला!"

पातेलं दुपारचं होतं, गार झालं होतं. तिनं झाकण उघडलं, मला उचललं आणि आत घातलं. माझी वाटी बुडाली, तिची बोटं पाण्याला टेकली आणि मी मध्येच लोंबकळत राहिलो. तिनं क्षणभर पाहिलं. मग बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात आत घातला, थेट कोपराच्याही पुढे. किती महिन्यांनी मी तळाला टेकलो! तिनं मला वर काढलं तेव्हा माझ्यातून मसूर आणि राजमा ओसंडत होता आणि तिच्या हातावरून रस्सा ओघळत होता.

आई मटकन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मीच म्हणाले होते, बरं केलंत."

"मला कुणी विचारलं?" मुलगी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "मला जपलंत, मान्य. पण मी भूक भूक करत होते ना! तुम्हाला माझ्या खाण्याचा दोष दिसला, माझा दिसला, एकदा या भांड्यात डोकवायला काय झालं होतं?"

हातांचं काय करावं हे न सुचून काकानं समोरचा पेला उचलला आणि सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं. मग मला फडक्यात गुंडाळून तो तडक डेपोत गेला. तिथल्या वेल्डरनं मला नवा दांडा जोडला, पहिल्यापेक्षा लांब. जोडाची ओबडधोबड गाठ माझ्या अंगावर अजून आहे.

तेव्हापासून मुलीच्या ताटात दाणेदार दोन ओगराळी पडायला लागली. दूध नाही, अंडं नाही, दाणा नाही, सोया नाही. भरतीच्या दिवशी ती पोतं घेऊन जिना चढली आणि वर पोचून तिनं प्रशिक्षकांना विचारलं म्हणे, "खाली पण आणू का?"

आता मी तिच्या अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात असतो, माझ्या लाल तारेसकट, वेगळ्या खिळ्यावर. मला तिथं पोचवायला काका स्वतः आला होता. तिथल्या आचाऱ्यानं मला पाहून हसत विचारलं, "हे काय, सासरी आलेलं ओगराळं?" काका हसला नाही. त्यानं शर्टाची बाही कोपराच्या वर सारली, रिकाम्या पातेल्यात हात घातला आणि माझी वाटी तळावर आपटून दाखवली. "इथपर्यंत," तो म्हणाला. "दुसऱ्या कशात घालायचं नाही, आणि इथपर्यंत न्यायचं. दोन्ही. एक केलं म्हणजे झालं असं नाही." आणि त्याचे डोळे भरून आले.

मी नाही रडलो. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे आणि ते मी रागानंच मागतो. तुम्ही कुणाला वाढत असाल आणि तो भूक राहिली म्हणाला, तर त्याच्यात खोट शोधायच्या आधी भांड्यात बघा.