बोटभरही हलायचं नाही

"मानवी मेंदूइतकं गहन विश्वात दुसरं काही नाही," श्रीरंग सर म्हणाले आणि प्रोजेक्टरचा रिमोट तळहातावर आपटू लागले. सेल संपले होते. मंजुषाताईंनी भिंतीवरच्या घड्याळातले काढून दिले. चिकलठाण्याच्या त्या संशोधन केंद्रात पावणेअकरा वाजले ते वाजलेच, पण मेंदू पडद्यावर आला.

मंजुषाताई केंद्रात बावीस वर्षं संख्याशास्त्राचं काम बघत होत्या. या काळात केंद्राचे एकतीस शोधनिबंध छापून आले आणि एकतीसही निबंधांच्या शेवटी, जनरेटर देणाऱ्या देणगीदारांच्या खाली, त्यांचे आभार मानलेले होते. बत्तिसाव्यात मात्र त्यांचं नाव लेखकांमध्ये येणार होतं. तिसरं. सरांनी तसं कबूल केलं होतं. पुंडलिकनगरच्या घरी त्यांनी हे अजून सांगितलं नव्हतं. फक्त आडनाव माहेरचं लावावं की सासरचं, याचा दोन आठवडे विचार चालला होता.

प्रयोग साधा होता. चोवीस माणसं, बहुतेक वैजापूरकडची, एकेक करून एमआरआयच्या नळीत झोपवायची. कानात शब्द ऐकवायचे. आधी ऐकलेला शब्द पुन्हा आला की त्यांनी हातातलं बटण दाबायचं. हे काम चालू असताना मेंदूतले कोणते भाग एकमेकांशी बोलतात, ते शोधायचं. कुठल्या पद्धतीनं शोधायचं, यावर तीन महिने बैठका चालल्या.

"दोन भाग एकदम जागे झाले, एवढ्यानं भागत नाही," मंजुषाताई म्हणाल्या. "चार वाजता चहा आला की शफीकभाई आणि वॉचमन सर्जेराव एकदम उठतात. म्हणून ते एकमेकांशी बोलतात असं नाही."

"बोलतच नाय," एमआरआय चालवणारे शफीकभाई कोपऱ्यातून म्हणाले. "तीन साल हो गये."

तेव्हा चहा वजा करणाऱ्या दोनच पद्धती उरल्या. पीपीआय नावाची पद्धत काम चालू असतानाचा अख्खा वेळ घेते आणि आरामाच्या वेळेशी ताडून बघते. तिचा निकाल आला होता आणि देखणा होता: मेंदूच्या पुढच्या भागापासून हात हलवणाऱ्या भागापर्यंत जाड लाल रेघ. दुसरी, बीटा सिरीज, एकेक शब्द सुटा करून तपासते. तिला कुठल्या शब्दाला बटण दाबलं, ते लागतं.

"पीपीआयच घेऊ ना," सर म्हणाले. "रेघ बघा काय आलीय!"

"घेऊ. एकदा दुसरीनंही बघते."

त्यासाठी त्यांनी बटणाच्या नोंदी पहिल्यांदाच उघडल्या. चोवीसपैकी एकवीस फाइली रिकाम्या होत्या. बटण तपासलं. बटण ठणठणीत होतं.

नेमक्या त्या दिवशी चोविसांतल्या एक, वैजापूरच्या सारजाबाई, आपल्या डोक्याचा फोटो न्यायला आल्या होत्या.

"मावशी, आत शब्द ऐकू येत होते?" मंजुषाताईंनी विचारलं.

"येत व्हते की. कांदा, खुरपं, परत कांदा. कांदा तर चारदा आला."

"मग बटण का नाही दाबलं?"

सारजाबाईंनी शफीकभाईंकडे हात केला. "ह्या भाऊनं सांगितलं नव्हं का, बोटभर बी हलायचं नाय, फोटू खराब हुईल! लई कळ काढली बाई म्या. कांदा आला की बोट शिवशिवायचं. दाबू का? नगं, भाऊ रागवंल. दाबू का? नगं. असं चाललं व्हतं."

एकोणीस वर्षांत शफीकभाईंचा एकही फोटो हललेला नव्हता. हे ते स्वतःच सांगत. आज मात्र ते हळूच म्हणाले, "ताई, मैं तो सबकोच वैसा बोलता." बटण दाबणाऱ्या तिघांत त्यांचा पुतण्या अल्तमश होता. त्यानं चाचांचं आजवर काही ऐकलेलं नव्हतं.

सारजाबाई फोटो घेऊन गेल्यावर सरांनी दार लोटून घेतलं.

"ताई, पीपीआय बटणाचं विचारतच नाही. आणि रेघ खरी आहे ना?"

"रेघ खरी आहे, सर. पण आठवणीची नाही. धाकाची आहे."

"पद्धतीचा भाग तुम्हीच लिहिताय. 'सहभागींनी बटण दाबून उत्तरं दिली.' एवढं एक वाक्य. तुमचं नाव तिसरं कशाला, दुसरं टाकतो."

मंजुषाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा.

"माहेरचं लावायचं ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही."

त्या आपल्या टेबलाशी गेल्या आणि वाक्य टाइप केलं: 'चोवीस सहभागींपैकी तिघांनी बटण दाबलं.' कागद काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. लहान वाक्य होतं, त्याला एवढा वेळ लागायला नको होता.

बत्तिसावा निबंध आला नाही.

एमआरआयच्या दारावर आता एक कागद आहे: 'आत हलू नये. बटण दाबताना बोट हललं तरी चालेल.' मजकूर मंजुषाताईंचा, सेलोटेप शफीकभाईंची. खाली नाव नाही.