करड्या ट्रॅकसूटमधला मालक

शुक्रवारी सकाळी दहा वाजता अरबेला एका निवृत्त दंतवैद्याच्या गाडीत मागच्या सीटवर पांघरुणात गुंडाळून बसली आणि कायमची गेली. हे झालंच नाही असं समजू. सोमवारी कीलनला यातलं काही माहीत नव्हतं, आणि एखाद्याच्या आशेवर चार दिवस आधीच पाणी ओतणं आपल्याला शोभत नाही.

तर सोमवार. कीलन शीही, वय एकोणीस, आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या दक्षिणेकडच्या वसाहतीत आईबरोबर राहणारा, प्लंबिंगचा कोर्स अर्धा झालेला. अंगात करडा ट्रॅकसूट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. त्याच्या वसाहतीत सगळी पोरं हेच घालतात; पाळण्यातून उतरली की ट्रॅकसूटमध्ये शिरतात. या कपड्यांचा खेळाशी काही संबंध असतो असं कुणी सांगितलं तर तिथे हसतील. कीलन स्वतः शाळेची बस सोडली तर आयुष्यात कशाच्याही मागे पळाला नव्हता.

शनिवारी पळाला. हॅलोविन जवळ आला की वसाहतीत संध्याकाळपासून फटाके फुटतात. एक दाराशीच फुटला आणि अरबेला कुंपणाखालून सुटली. कीलन तिच्या मागे तीन किलोमीटर धावला. त्या कपड्यांचा खराखुरा उपयोग त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केला. वाटेत दोन बायकांनी पर्स छातीशी धरल्या आणि एका गृहस्थाने पोलिसांना फोन लावला.

अरबेला इटालियन ग्रेहाउंड जातीची कुत्री. काडीसारखे पाय, आणि कपात चुकीचा चहा आल्यासारखा कायमचा चेहरा. ती मूळची प्रेंडरगास्टबाईंची. बाई पियानो शिकवायच्या, आणि कीलन दोन वर्षं त्यांचं वाणसामान वर पोचवायचा. वृद्धाश्रमात जायची वेळ आली तेव्हा बाईंनी पुतण्याला पियानो दिला आणि कीलनला कुत्री, वर हाताने विणलेले सहा स्वेटर. बाई पक्क्या होत्या. कुत्रीच्या मानेतल्या ओळख-चिपवर कीलनचं नाव आणि फोन नंबर चढवूनच त्यांनी घर सोडलं. वसंतात त्या वारल्या. तेव्हापासून अरबेला रात्री कीलनच्या पायांवर झोपायची, आणि कीलन पाय न हलवता झोपायला शिकला होता.

रविवारी ती शहराबाहेरच्या प्राणी-निवाऱ्यात पोचल्याचं कळलं. सोमवारी कीलन तिथे हजर झाला.

काउंटरवर नोरीनबाई होत्या. बाई दुष्ट नव्हत्या. त्या आंधळ्या मांजरांना ड्रॉपरने दूध पाजायच्या, तेही पगाराशिवाय.

"काय पाहिजे?"

"माझी कुत्री. अरबेला. निळा स्वेटर घातलेली."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोज्यांपाशी जरा जास्त थांबल्या.

"तुझी?"

"माझी."

"तो स्वेटर हाताने विणलेला आहे."

"माहितीये. घरी अजून पाच आहेत."

आत कुठेतरी त्याचा आवाज ऐकून अरबेला विव्हळायला लागली.

"ऐकताय ना? मला ओळखते ती."

"घाबरलीये बिचारी," नोरीनबाई म्हणाल्या. "अशी कुत्री चांगल्या घरची असते. आम्ही मालकाला फोन करतोय. नंबर आहे आमच्याकडे."

"करा की."

बाईंनी नंबर फिरवला. कीलनच्या खिशात फोन वाजला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कीलनने फोन उचलला, कारण वाजला की उचलतात.

"हॅलो, मिस्टर शीही?" बाई रिसीव्हरमध्ये म्हणाल्या.

"बोलतोय."

"तुमची कुत्री आमच्याकडे सुखरूप आहे. पण जरा ऐका, इथे एक पोरगा आलाय." बाईंनी आवाज खाली आणला, कीलनकडे पाठ केली. "तुमचा फोनही त्याच्याकडेच दिसतोय."

"बाई, मीच आहे तो."

"तेच सांगतेय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग कीलनने ओळखपत्र काढलं. त्याच्यावरही तो ट्रॅकसूटमध्येच होता. बाईंनी ते खिडकीशी नेलं, उन्हात धरलं, परत आणलं.

"यावर पत्ता नाही. तुझ्या नावाचं वीजबिल लागेल."

"वीजबिल आईच्या नावावर आहे."

"मग बँकेचं पत्र."

बँकेने सांगितलं, पत्राला कामाचे दहा दिवस. बेवारशी कुत्र्याला कायदा पाच दिवस देतो, शुक्रवारी दहाला संपणारे. कीलनने हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. काही होईना.

मंगळवारी आई स्वतः वीजबिल घेऊन गेली. नोरीनबाई म्हणाल्या, चिपवर नाव मुलाचं आहे, त्यालाच यावं लागेल. आई म्हणाली, तो काल आलाच होता. बाई म्हणाल्या, काल आला होता तो कुणी दुसराच होता, त्याच्यापासून सांभाळून राहा. आई परत आली, स्वयंपाकघरात गेली आणि अर्धा तास एकच बटाटा सोलत बसली. त्याच दुपारी कीलन पोलिसांकडे गेला. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, शनिवारी संध्याकाळी वसाहतीतून पळत सुटलेला तूच का.

"कपडे बदल," आई म्हणाली. "अँटोकडून सूट आण."

अँटोचा सूट सगळ्या गल्लीचा होता. अँटोच्या शाळेच्या निरोप-समारंभाला तो शिवला, आणि त्यानंतर गल्लीतल्या ज्या पोराची कोर्टात तारीख असेल तो घालायचा. अकरा सुनावण्या त्या सुटाने पाहिल्या होत्या, पैकी दोन जिंकल्या.

"कशात अडकलास?" सूट देताना अँटोने विचारलं.

"कुत्र्यात."

"चावलं कुणाला?"

"नाही. माझंच आहे."

अँटोने सहानुभूतीने मान हलवली. "वकिलाला असंच सांग. साधं ठेव."

बुधवारी सुटात कीलन निवाऱ्यात शिरला. बाह्या बोटांपर्यंत, खांद्यात आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. दारावरच्या रखवालदाराने त्याला पाहिलं आणि नजर मऊ केली. "किती वाजताची तारीख आहे?"

"तारीख नाही. मी कुत्री न्यायला आलोय."

"बरं बरं," रखवालदार म्हणाला. "पण कोर्ट पुलापलीकडे आहे. उशीर केलास तर जज चिडतो."

नोरीनबाईंनी त्याला लगेच ओळखलं. ट्रॅकसूटमधल्या पोराने सूट घातला की पुढचा अर्थ त्या शहरात कुणालाही सांगावा लागत नाही.

"आता कोर्टात जातोयस का?" त्यांनी विचारलं. आवाजात खरंच काळजी होती. "कुत्र्यांचंच प्रकरण आहे का रे?"

"बाई, पाच मिनिटं तिला बाहेर आणा. ती माझ्याकडे कशी येते ते बघा."

"ती सगळ्यांकडेच येते. कालच्या भाजीवाल्याकडेही गेली."

अरबेला खरंच सगळ्यांकडे जायची. माणसात ती काही बघायचीच नाही.

बस-थांब्यावर सुटात बसून त्याने मामेभावाला फोन केला. डोनाल खेड्यात राहायचा, साठ गाई सांभाळायचा, आणि फारसं बोलायचा नाही.

"तू काय घालून गेलास?" डोनालने विचारलं.

कीलनने सांगितलं.

"गाढवा," डोनाल म्हणाला. "शुक्रवारी धारा काढून येतो. माझं जॅकेट घाल."

डोनालचं जॅकेट म्हणजे हर्लिंग या तिथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या जिल्हा संघाचं, हिरवं, गळ्याला अर्धी चेन, छातीवर जिल्ह्याचं चिन्ह. कापड तेच, शिवण तीच. बहुधा कीलनचा ट्रॅकसूट शिवला तशाच मशीनवर शिवलेलं. पण ते घालून माणूस बँकेत गेला तर मॅनेजर बाहेर येऊन गाईंची चौकशी करतो. वर्षभर न धुतलेल्या त्या जॅकेटला गोठ्याचा वास होता. डोनाल म्हणाला, राहू दे, वासाने कामच होईल.

शुक्रवारी एक गाय विताना अडली. डोनाल आला तेव्हा साडेनऊ झाले होते, निवाऱ्याशी पोचले तेव्हा साडेदहा. डोनाल गाडीतच थांबला. कीलनने ट्रॅकसूटवरच जॅकेट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, पँटचे पाय मोज्यांतून सोडवले आणि आत गेला. रखवालदाराने दार उघडून धरलं.

"ये बाळा, ये," नोरीनबाई म्हणाल्या. "काय गारठा पडलाय. कुठल्या गावचा?"

त्याने डोनालच्या गावाचं नाव सांगितलं.

"अगंबाई, माझी मावशी त्याच बाजूची. बस. चहा घे." बाईंनी खुर्ची पुढे केली. या खोलीत खुर्ची आहे हे कीलनला आज कळलं. चहाबरोबर बिस्किटंही आली. वीजबिलाचं नाव कुणी काढलं नाही. खरं सांगायचं तर कीलनला तो चहा आवडला, लाज वाटावी इतका आवडला.

"बोल राजा, कुत्रं हवंय का?"

"ती इटालियन. निळ्या स्वेटरची."

बाईंचा चेहरा पडला. "अरेरे. अर्ध्या तासापूर्वी गेली रे. दहाला पाच दिवस भरले, दहा वाजून एक मिनिटाने मी कागद केले. दंतवैद्य आहेत, निवृत्त, भला माणूस. एरवी आम्ही अजून चार दिवस थांबतो हो, मालक येईल म्हणून. पण याच्यामुळे घाई करावी लागली."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर कॅमेऱ्यातले दोन फोटो चिकटवले होते. एकात कीलन ट्रॅकसूटमध्ये, एकात सुटात. खाली मोठ्या अक्षरांत: या इसमास कोणताही प्राणी देऊ नये.

"ओळखतोस का याला?" बाईंनी विचारलं.

कीलनने घोट गिळला. "ओळखतो."

"कसा आहे?"

"बरा आहे."

"बरा कसला. ओळखतोस कुठून?"

"मीच आहे तो."

नोरीनबाई इतक्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. "चावट आहेस. गावाकडची पोरं म्हणजे अशीच." डोळे पुसत त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

कीलनने चेन खाली ओढली आणि जॅकेट काढलं. आत करडा ट्रॅकसूट होता.

बाईंचं हसू लगेच गेलं नाही, त्याला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात लांब केला आणि त्याच्यासमोरचा कप उचलून आपल्या बाजूला ठेवला. चहा अर्धा उरला होता.

"जॅकेट कुणाचं आहे?"

"मामेभावाचं. बाहेर आहे तो, विचारा. बाई, तो नंबर परत लावा, माझ्याच खिशात वाजेल. सोमवारी वाजला तसाच."

बाईंनी फोनकडे पाहिलं, पण उचलला नाही. त्यांना कळलं असावं. पण कागद झाले होते, शिक्का बसला होता, आणि दंतवैद्य भला माणूस होता.

"तूच सांग पोरा," त्या हळू म्हणाल्या, "तुला तसं पाहून माणसाने काय समजायचं?"

कीलनने प्रामाणिकपणे विचार केला. अंधारात समोरून तिघं करड्या ट्रॅकसूटमध्ये आले की तो स्वतःही रस्ता ओलांडायचा, आणि त्यातले दोघं बहुतेक वेळा त्याचेच मित्र निघायचे.

"त्यांचा पत्ता द्या," तो म्हणाला.

"पत्ता देता येत नाही. कुणालाच नाही." बाईंनी खणातून एक फॉर्म काढला. "काय म्हणायचंय ते लेखी दे. मी समितीपुढे ठेवीन. समिती जानेवारीत बसते."

घर आल्यावर डोनाल एवढंच म्हणाला, "जॅकेट राहू दे तुला." कीलन म्हणाला, नको.

रात्री त्याने पाय लांब करून झोपून पाहिलं. जमेना. उठून स्वयंपाकघरात गेला, फॉर्म काढला. 'विनंतीचे स्वरूप' या शब्दांपुढे तीन ओळी आखलेल्या होत्या. त्याला जास्त लागल्या, म्हणून उरलेलं समासात चढलं:

"सदर कुत्री परत मिळावी अशी अर्जदाराची मागणी नाही, कारण आता तसे करता येत नाही असे समजते. तथापि अर्जदाराने आपणास टाकून दिले असा सदर कुत्रीचा समज झाला असण्याची दाट शक्यता आहे. सबब विनंती की, अर्जदार सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी स्वतः हजर होता, ही बाब आपल्या कार्यालयामार्फत सदर कुत्रीस, तिला समजेल अशा भाषेत, कळवण्यात यावी. व तिला समजल्याची लेखी पोच अर्जदारास देण्यात यावी."