सोबत कोण?

अंगावर फोड उठले, ताप चढला आणि आठव्या वर्षी रंजनाचे डोळे गेले. तेव्हापासून मोखाड्याजवळच्या पाड्यावर ती घरातच असायची. बाप नवशा तिला जपायचा. पाण्याचा तांब्याही तिच्या हातात आणून द्यायचा.

ती चौदा वर्षांची असताना जामसरची पुष्पलता त्यांच्या घरी आली. ती जन्मापासून आंधळी होती. मोखाड्याच्या एका कचेरीत टेलिफोन सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांवर आंधळ्या मुलांना शोधत फिरायची. पोरीला काही कमी नाही, आम्ही तिला बसून खायला घालू, असं नवशाने तिला सांगितलं. पुष्पलताने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि रंजनाला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. रंजना म्हणाली, "बाजारात जायचंय. एकटीनं."

पुढच्या खेपेला पुष्पलताने पांढरी काठी आणली. उन्हाळाभर दोघी नाचणीच्या मोकळ्या शेतांतून चालत होत्या. दगड कसा लागतो, बांध कुठे संपतो, उताराला काठी किती पुढे टाकायची, हे सगळं ती रंजनाला शिकवत होती. नवशाला मात्र त्या काठीची लाज वाटायची. लोकांना कळेल, असं तो म्हणायचा.

"लोकांना माहीतच आहे बाबा," रंजना म्हणाली. "मला आपटायचं नाही, म्हणून काठी."

एका बाजाराच्या दिवशी दोघी फाट्यावर जीपमध्ये बसल्या. बोलायचं ते तूच बोल, असं पुष्पलताने आधीच बजावलं होतं आणि ती आपली काठी दुमडून मुद्दाम मागच्या बाकावर अनोळखीसारखी बसली होती. ड्रायव्हर रोहिदासने रंजनाची काठी पाहिली.

"सोबत कोण?"

"कुणी नाही."

एकटीला नेणार नाही, असं त्याने सांगितलं. काही झालं तर लोक त्यालाच धरणार होते. रंजना जागची हलली नाही, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. माणसं कुरकुरायला लागली. शेजारी बसलेली फागी म्हातारी तिला उतर म्हणाली. रंजनाने सीटची कड घट्ट धरली.

"या आजीला विचारलंस का, सोबत कोण म्हणून?" ती म्हणाली. "सगळ्यांना विचार. ज्यांच्यासोबत कुणी नाही, त्या सगळ्यांना उतरव. मग मी उतरते."

मागून एकजण हसला आणि उशीर होतोय, गाडी काढ, असं म्हणाला. रोहिदासने पुटपुटत चावी फिरवली.

मोखाड्याला उतरल्यावर रंजना पुष्पलतावर भडकली. तुम्ही एक शब्दही का बोलला नाहीत, असं तिने विचारलं.

"मी बोलले असते तर तो माझ्याशी बोलला असता," पुष्पलता म्हणाली. "तुझ्याशी नाही."

त्या दिवशी रंजनाने अख्खा बाजार पालथा घातला. एकदा सुक्या मासळीच्या पाटीवर आदळली, मासळीवालीच्या शिव्या खाल्ल्या, खाली पडलेले बोंबील उचलून दिले आणि पुढे निघाली.

घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं की जूनपासून ती पुष्पलताने सांगितलेल्या आंधळ्या मुलींच्या शाळेत, वसतिगृहात राहायला जाणार आहे. पाहू, असं नवशा म्हणाला.

"विचारत नाही बाबा. सांगतेय."

नवशा उठून अंगणात गेला. जूनमध्ये रंजना गेली, तेव्हा तिची पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत तोच आला. रस्ताभर तो तिच्या मागून चालत होता.