एकोणीस नंबरची सही

आमच्या वसाहतीचं मागचं फाटक तुम्हाला माहितीय ना, ते गंजलेलं, ज्यातून तुम्ही सगळे माझ्याकडे येताना घुसता? ते कायमचं बंद होणार होतं. वेल्डिंग करून. आणि ते बंद करा म्हणून सही कुणी केली होती, सांगू? आमच्या मावशीने. जिचं त्या फाटकावाचून एक दिवस चालत नाही, तिने.

थांबा, नीट सांगते. मावशी आमच्याकडेच राहते, काका बोटीवर असतात म्हणून. तिचं बाळ पाच महिन्यांचं झालं आणि ती परत कामावर जायला लागली, मागच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत. दिवसभर चादरींच्या घड्या. दुपारी साडेबाराला अर्धा तास सुट्टी. आता आमचं बाळ म्हणजे काय प्रकरण आहे ते तुम्ही पाहिलंयच. बाटली तोंडाजवळ नेली की असं तोंड करतो, जणू आपण त्याला फसवायला आलोय. आईने चमच्याने पाजून पाहिलं, वाटीने पाहिलं, माझ्या शर्टावर सगळं. त्याला मावशीच लागते. मग मावशी साडेबाराला निघते, फाटकातून चार मिनिटांत घरी, बाळाला पाजते, जमलं तर उभ्या उभ्या दोन घास खाते आणि एकच्या आत परत. फाटक नसेल तर मोठ्या रस्त्याने, पुलाखालून, सतरा मिनिटं. जायला सतरा, यायला सतरा. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच सुट्टी संपली.

तर गुरुवारी मावशी दुपारी येते, तर फाटकापाशी वेल्डर टेप लावून मापं घेतोय. तिने सहज विचारलं, दुरुस्ती का दादा? तो म्हणाला, नाही ताई, रविवारी दहाला बंद करायचंय, तुमच्या मंडळाचा ठराव आहे. मावशी घरी आली ती पांढरीफटक. बाळाला पाजायला घेतलं. मग म्हणाली, "मला नोकरी सोडावी लागेल." एवढंच. बघू, करू असलं काही नाही, थेट नोकरी. आणि ती नोकरी तिला दोन वर्षं रांगेत थांबून मिळालीय, तुम्हाला माहितीय.

आई तशीच उठली, पदर खोचला, मी तिच्या मागे, आणि आम्ही शिक्काकाकांकडे. शिक्काकाका म्हणजे आमच्या रहिवासी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे एक गोल शिक्का आहे आणि तो मारायला मिळाला की ते दिवसभर खूश असतात. माणूस वाईट नाही हं. फक्त कागदाबाहेर काही घडतं यावर त्यांचा विश्वास नाही.

आई म्हणाली, आम्हाला न विचारता फाटक कसं बंद करता? काकांनी शांतपणे फाईल काढली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "वहिनी, छत्तीस घरं, छत्तीस सह्या. एकोणीस नंबर तुमचं घर."

मावशीची सही. शेजारी एक गोल डाग. दुधाचा.

मग आईला आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी काका पॅड घेऊन दारात आले होते. आईचे हात साबणाचे होते, ती आतून ओरडली, कर गं सही तूच. मावशीच्या खांद्यावर बाळ. तिने अठरा नंबरची सही झालीय एवढं पाहिलं आणि केली. आमच्याकडे तसंच असतं. टाकी धुणार, सही करा. दिवा बदलणार, सही करा. वरच्यांनी केली का? केली. मग आणा पेन. आजवर कुणी वाचलेलं मला आठवत नाही, आणि मीही चार-पाच वेळा केलीय, उगाच खोटं कशाला बोलू.

काका म्हणाले, ठराव छत्तीस सह्यांनी झाला, तो छत्तीस सह्यांनीच फिरेल, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर वेल्डरला थांबवता येणार नाही. आई काहीतरी बोलणार होती, मी तिला ओढत घरी आणलं. नाहीतर तो शिक्का आईने कुठे मारला असता सांगता येत नाही.

रात्री बसून मी अर्ज लिहिला. तीन पानी. बाळ, बाटली, सतरा मिनिटं, चादरी, सगळं. मावशीने वाचला आणि म्हणाली, हे वाचून मलाच रडू येतंय, पण एवढं वाचणार कोण? मग एक पान केलं. फाटक बंद करू नये, कारण अमुक. शुक्रवारी कॉलेज बुडवलं (हो, म्हणूनच नव्हते, पोट वगैरे दुखत नव्हतं) आणि सुटले घरोघर.

मी आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं होतं, खरंच. पहिल्या घरी बेल वाजवली, "नमस्कार, मला तुमचा थोडा वेळ" एवढं बोलले, तोवर तिथल्या आजोबांनी पॅड घेतलं, सही केली, दार बंद. दुसऱ्या घरी तेच. शिंप्याच्या दुकानात गेले, त्याच्या तोंडात टाचण्या, तो फक्त मानेनेच विचारतो, वरच्यांनी केली? मी म्हटलं, केली. केली त्याने. एका काकूंनी तर फोनवर बोलता बोलता भिंतीला पॅड लावून सही केली आणि मलाच म्हणाल्या, तू आता मंडळाचं काम करतेस वाटतं, छान.

शनिवारी चारपर्यंत पस्तीस सह्या. मला नाचायला हवं होतं ना? पण नाचले नाही. कारण मी "सगळ्यांच्या चपला उद्या नदीत टाकाव्यात" असं लिहिलं असतं तरी पस्तीस झाल्या असत्या. आणि छत्तिसावं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ते घड्याळवाल्या काकांचं. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, भिंतभर घड्याळं. फाटकाची तक्रार त्यांनीच केली होती. म्हणजे झालं असं होतं, की फाटकातून स्कूटरवाले सुसाट घुसतात, आणि महिन्यापूर्वी एकाने घड्याळकाकूंना उडवलं. भाजीची पिशवी एकीकडे, काकू एकीकडे. मनगट मोडलं. काकूंचा हात अजून प्लॅस्टरमध्ये. त्या माणसाकडे जाऊन मी म्हणणार की फाटक उघडं ठेवा? मी दारात दोन मिनिटं नुसती उभी होते. शेवटी काकूंनीच पाहिलं, ये गं आत.

काकांनी कागद घेतला. घड्याळं बघायची ती काचेची नळी डोळ्याला लावलीच होती, ती तशीच ठेवून वाचायला लागले. पहिल्या अक्षरापासून. अख्ख्या वसाहतीत वाचणारा एकच माणूस निघाला आणि तो नेमका हा. भिंतीवरची सगळी घड्याळं माझ्याच नावाने टिकटिकतायत असं वाटत होतं. वाचून झालं, नळी काढली, माझ्याकडे पाहिलं.

"यात माझ्या बायकोचा हात कुठंय?"

मी कागदावर परत नजर फिरवली. खरंच नव्हता. मी बाळाचं लिहिलं, मावशीचं लिहिलं, काकूंचा एक शब्द नाही. मी म्हटलं, चुकलं काका. आणि मग ते पाठ केलेलं भाषण वगैरे गेलं कुठल्या कुठे, मी सरळ सांगितलं, काका, फाटक बंद झालं तर मावशीची नोकरी जाईल हो. आणि बाळ बाटली घेत नाही.

काकू आतून म्हणाल्या, "फाटक बंद? कुठलं फाटक?"

काका म्हणाले, हेच तर. मी कुठे फाटक बंद करा म्हटलं होतं? मी स्कूटर बंद करा म्हटलं होतं. उठले, खण उघडला, स्वतःच्या तक्रारीची प्रत काढली. चार पानं. त्यात तारीख, वेळ, स्कूटरचा रंग, पिशवीत किती टोमॅटो होते तेसुद्धा. फाटक बंद करा, हे कुठेच नाही.

मी हळूच विचारलं, पण काका, ठरावावर तुमचीही सही आहे. एक नंबरला.

त्यांनी चार पानं खाली ठेवली. मग कानाची पाळी चोळत म्हणाले, "माझीच तक्रार होती ना. त्यात काय वाचायचं?"

काकू अशा हसल्या की प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून बसल्या. दोन डोळे कमी पडतात म्हणून तिसरा लावून बसतात, आणि स्वतःचाच कागद वाचला नाही, असं काय काय सुनावलं त्यांना. काका मुकाट्याने पेन्सिलीने अर्जाखाली आकृती काढत होते. फाटक काढून टाकायचं आणि तिथे दोन वाकवलेले लोखंडी पाइप, एकापुढे एक, वाकड्यातिकड्या वाटेने. माणूस जाईल, स्कूटरचं हँडल अडकेल. मध्येच मला विचारतात, बाळाची गाडी किती रुंद आहे? मी पळत घरी, टेपने माप घेतलं, पळत परत. पंचावन्न सेंटीमीटर. मग सत्तर ठेवू, म्हणाले.

सव्वापाचला आम्ही शिक्काकाकांच्या दारात. त्यांनी चार पानं पाहिली आणि चेहरा पडला. म्हणाले, अहो, तुमच्या चार पानांची मी एक ओळ केली, स्कूटर फाटकातून येतात म्हणजे फाटक बंद. पण आता अर्जात तुम्ही आकृती वाढवलीत. बाकी पस्तीस जणांनी ही पाहिली नाही. परत सगळ्या सह्या.

पाऊण तासात पस्तीस घरं. मी तिथेच पायरीवर बसले. झालं, संपलं, असंच वाटलं मला.

पण मग शिक्काकाका एकदम म्हणाले, चला. पॅड काखेत मारलं, फाटकापाशी गेले, त्याच्या चौथऱ्यावर चढले आणि मोठ्याने हाका मारायला लागले. लोक गॅलरीत आले, मग खाली आले, कुणी हातात टॉवेल, कुणी चहाचा कप. आणि काकांनी, तुम्ही कल्पना करा, आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा, कागद मोठ्याने वाचून दाखवला. आधी जुना ठराव.

तो शिंपी, टाचण्या काढून म्हणतो, "फाटक बंद होणार होतं? माझं निम्मं गिऱ्हाईक तिकडूनच येतं."

मग काय, गलकाच. कुणी म्हणे, माझी आई तिकडून रोज भाजी आणते. माझा मुलगा शाळेत जातो. कुणी ठरवलं हे? शिक्काकाका सगळ्यांना ज्याची त्याची सही दाखवत होते आणि जो तो मान खाली घालत होता. मग त्यांनी नवा अर्ज वाचला. बाळाचं आलं तेव्हा मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती, बाळ खांद्यावर झोपलेलं. घड्याळकाकूंच्या मनगटाचं घड्याळकाकांनी शेवटी लिहिलं होतं, तेही वाचलं. आकृती हातोहात फिरली. मग शिक्काकाका म्हणाले, मान्य असेल त्यांनी हात वर करा, आजच्या दिवस सह्या राहू द्या.

सगळ्यात आधी जो हात वर गेला ना, तो पांढरा होता. प्लॅस्टरचा. काकूंना तो नीट उचलताही येत नव्हता, काकांनी कोपराखाली आधार दिला. मग बाकीचे. शिक्काकाकांनी दोनदा मोजले, छत्तीस घरं, छत्तीस हात. सहाला दहा कमी होते. शिक्का मारला तो आवाज मला आत्तासुद्धा ऐकू येतोय. मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हे बघा, अजून निळा आहे.

रविवारी वेल्डर आला, त्याला नवा कागद दिला. त्याने तो आधी नीट वाचला, हे मी मुद्दाम सांगतेय. पाइप बसवले, स्वतःच्या स्कूटरवर बसून घुसायचा प्रयत्न केला, हँडल अडकलं, स्कूटर निघेना, तिघांनी ओढून काढली. घड्याळकाका इतके खूश, की पुन्हा एकदा कर म्हणाले.

काल दुपारी मी पाइपांपाशीच उभी होते. साडेबाराला निघालेली मावशी लांबून येताना दिसली, पळत नव्हती, चालत होती. वळणात जरा थांबून पाइपवरून हात फिरवला तिने. घड्याळकाका दुकानाच्या दारात मनगटावर डोळे लावून उभे. म्हणाले, साडेचार मिनिटं. वळणाचं अर्धं मिनिट वाढलं, चालेल ना? मावशी म्हणाली, काका, चालेल म्हणजे काय, धावेल. आणि गेली वर. बाळाचा आवाज येत होता, मग यायचा थांबला.

आज सकाळी शिक्काकाका आले, टाकी धुण्याचा कागद घेऊन. आई दारात उभी राहून वाचतेय, एकेक ओळ, चष्मा लावून. काका या पायावरून त्या पायावर. शेवटी आईने विचारलं, टाकी नुसती धुणार ना, बंद नाही ना करणार?

मग केली सही.